गुरुवारचा निरोप

सविता लग्न होऊन या घरात आली तेव्हा रेणुका दहावीत होती. सविताला वाटलं, बरं झालं, बोलायला कुणीतरी बरोबरीचं मिळालं. पण पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी, शोभाबाईंनी, तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "नावानं हाक मारू नको गं तिला. वयानं लहान हाय, पन नणंद हाय तुझी. ताई म्हन." तेव्हापासून सविता आपल्याहून चार-पाच वर्षांनी लहान असलेल्या पोरीला ताई म्हणत आली. ताई, चहा घेता का. ताई, तुमच्या ड्रेसला इस्त्री केलीय. रेणुका मात्र तिला सरळ अगं-तुगं करायची. त्यात तिचा काही दोष नव्हता, घरात तशीच रीत होती.

घर खाऊनपिऊन सुखी होतं. शेवगावच्या पुढं कपाशीच्या रानात त्यांची वस्ती. सासरे गोरक्षनाथ गाईंचं बघायचे. सविताचा नवरा कल्याण आसपासच्या गावांतलं दूध टेम्पोत घालून शीतकरण केंद्रावर पोचवायचा. सविता कोल्हारची, प्रवरेकाठची. बारावी सायन्सला ऐंशीच्या वर टक्के घेऊन पास झालेली. निकालाच्या दिवशी सर म्हणाले होते, "हुशार आहेस पोरी, पुढं शिक." पुढं म्हणजे कुठं, काय, ते कुणी सांगितलं नाही. मैत्रिणी बी.एस्सी.ला गेल्या म्हणून तीही गेली. पहिलं वर्ष झालं आणि कल्याणचं स्थळ आलं. वडिलांनी विचारलं, "चालंल ना?" ती म्हणाली, "चालंल." एवढ्यावर शिक्षण आटोपलं. तिला फार वाईट वाटलं असंही नाही. वाईट वाटायला काय गेलं ते नीट माहीत असावं लागतं, ते तिला माहीत नव्हतं.

रेणुका बारावीला गेली त्या वर्षी शेवगावात तमन्ना पठाण नावाच्या बाई दर शनिवारी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसू लागल्या. बाई शेवगावातच वाढलेल्या. पुण्याला मानसशास्त्र शिकून, तिथं काही वर्षं नोकरी करून परत आलेल्या. अकरावी-बारावीच्या मुलींना पुढं काय शिकता येतं, त्यासाठी कोणती परीक्षा द्यावी लागते, मुलाखतीत कसं बोलायचं, हे सगळं त्या समजावून सांगायच्या, तेही फुकट. रेणुकाच्या मुख्याध्यापकांनी तिचं नाव सुचवलं. गोरक्षनाथ जरा कुरकुरले. "पोरीला येकटी न्हाई धाडायची," म्हणाले. मग शोभाबाईंनीच तोड काढली. सविताकडं माहेरून आणलेली स्कूटी होती आणि ती चालवायची तिला सवयही होती. वहिनी नेईल, वहिनी आणील.

पहिल्या शनिवारी दोघी त्या खोलीत टेबलापलीकडं शेजारी-शेजारी बसल्या. तमन्ना मॅडम तिशीतल्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्यांनी टक्के विचारले नाहीत, वडील काय करतात तेही विचारलं नाही. म्हणाल्या, "रेणुका, तुला काय आवडतं?"

रेणुका पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. "न्हाई माहीत."

"बरं. घरी काय करताना वेळ कसा गेला ते कळत नाही?"

"न्हाई सांगता येत."

सविताच्या मनात आलं, काय ही पोरगी! एवढं कुणी विचारतंय आणि हिच्या तोंडातून शब्द फुटत नाही. मला विचारलं असतं तर मी अशी गप्प बसले नसते. तिनं मॅडमकडं पाहिलं. आता त्या आपल्याकडं वळतील, आपल्यालाही काहीतरी विचारतील असं तिला उगाच वाटलं. मॅडम वळल्याही. म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही जरा बाहेर बसता का? मुली एकट्या असल्या की मोकळेपणानं बोलतात."

बाहेर व्हरांड्यात, खिडकीखाली एक बाक होता. सविता त्यावर जाऊन बसली. खिडकी उघडीच होती. आतलं सगळं ऐकू येत होतं.

पुढचे कितीतरी शनिवार सविता त्या बाकावर बसली. रेणुका हळूहळू उलगडत गेली. संकलन केंद्रावर दुधाची फॅट मोजतात ते मशीन तिला लहानपणापासून आवडायचं, हे सविताला त्या खिडकीतून कळलं. उन्हाळ्यात फॅट का उतरते म्हणून तिनं केंद्रावरच्या माणसाला भंडावून सोडलं होतं. एकदा तीन भांड्यांत तीन तऱ्हेचं विरजण लावून कुठलं दही घट्ट होतं ते बघितलं होतं, त्याबद्दल आईच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. मॅडम हसल्या. "अगं, आणि मला म्हणतेस काय आवडतं ते माहीत नाही! याचंच शिक्षण असतं. दुग्धतंत्रज्ञान. उदगीरला कॉलेज आहे."

"दुधाचं कॉलेज?" रेणुकाचा आवाज एकदम वर चढला.

सविता बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचा पोपडा बघत होती. ते दह्याचं तिलाही माहीत होतं. त्या दिवशी तिन्ही भांडी तिनंच घासली होती.

घरी येताना रेणुका मागच्या सीटवरून अखंड बोलायची. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'मॅडम म्हणाल्या'. मॅडम म्हणाल्या, गणित पक्कं कर. मॅडम म्हणाल्या, बोलताना मान वर ठेव. मॅडम म्हणाल्या, तुझ्यात काहीतरी आहे. सविता गाडीचा वेग वाढवायची, म्हणजे वाऱ्यात अर्धं उडून जायचं.

घरातही रेणुकाचा भाव वधारला. सकाळी तिच्यासाठी वाटीत भिजवलेले बदाम. कल्याणनं नगरहून तिला टेबल आणलं, वर दिवाही आणला. गोठ्यातलं, चुलीपुढचं तिचं काम सुटलं, "तिचा अभ्यास हाय" म्हणून. ते काम कुणाकडं आलं हे सांगायला नको. एका संध्याकाळी सविता कल्याणला म्हणाली, "मी पण सायन्सलाच होते."

"व्हय की," कल्याण कौतुकानं म्हणाला. "म्हणून तर तू बरोबर हायस ते बरंय. आमाला काय कळतंय त्यातलं."

तो भला माणूस होता. त्याला वाटलं, आपण बायकोची स्तुती केली. सविताला मात्र राग आला. तो राग रेणुकावरचा होता, की मॅडमवरचा, की आणखी कुणावरचा, तिलाही सांगता आलं नसतं. पण राग धरायला माणूस लागतं, आणि रेणुका रोज डोळ्यांसमोर होती. ती पुस्तक उघडून बसली की सविताला मुद्दाम तिथंच झाडायला सुचायचं. रेणुकाला चाचणीत कमी मार्क पडले त्या दिवशी सवितानं शिरा केला. का केला म्हणून कुणी विचारलं नाही, पण तिचं तिला माहीत होतं.

रेणुकाचा मोबाईल बारावी होईपर्यंत गोरक्षनाथांनी कपाटात ठेवला होता. त्यामुळं मॅडमचे फोन सविताच्या नंबरवर यायचे. थंडी सुरू झाली होती तेव्हा, एका मंगळवारी ती कपडे पिळत असताना फोन वाजला.

"वहिनी, गुरुवारी दुपारी दोन वाजता रेणुकाला घेऊन या. नक्की. उदगीरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई नगरला चालल्यात, गेवराईकडून येणार आहेत. वाटेत तासभर शेवगावात थांबतील. मी खास रेणुकासाठी वेळ मागून घेतलाय. पुढं तिच्या वडिलांशी बोलायलाही त्यांचा उपयोग होईल."

"हो, सांगते," सविता म्हणाली. आणि खरोखर सांगायलाच ती हात पुसत घरात गेली. रेणुका टेबलाशी बसली होती. मान वर न करता म्हणाली, "वहिनी, चहा ठेव ना गं. साखर कमी घाल."

सवितानं चहा ठेवला. साखर कमी घातली. कप टेबलावर ठेवला आणि काही न बोलता परत फिरली. खास रेणुकासाठी. तिच्या जन्मात कुणी खास तिच्यासाठी कुणाकडं वेळ मागितला नव्हता. संध्याकाळी सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं. संध्याकाळी धारा होत्या. बुधवारी सासूबाईंचं डोकं दुखत होतं. गुरुवारी सकाळी तिनं घरातल्या सगळ्या गोधड्या बाहेर काढल्या आणि धुवायला घेतल्या, कुणी न सांगता. ओल्या गोधडीचं वजन किती असतं ते ज्यानं उचललंय त्यालाच ठाऊक. दुपारी फोन घरात वाजत राहिला. सविता गोधडी आपटत राहिली.

संध्याकाळी पुन्हा फोन आला तेव्हा मात्र तिनं उचलला.

"काय झालं वहिनी? दीड तास वाट पाहिली त्या बाईंनी. सगळं ठीक आहे ना?"

अजूनही वेळ गेली नव्हती. विसरले म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण सविताच्या तोंडून निघालं, "तिला नव्हतं यायचं, मॅडम. कंटाळा आला म्हणाली."

मॅडमनी पुन्हा विचारलं, "असं म्हणाली?"

"हो."

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

एक खोटं बोललं की दुसरं त्याच्या मागं उभंच असतं. शनिवारी रेणुका मॅडमसमोर गेली तर सगळं बाहेर येणार. म्हणून शुक्रवारी सविता तिला म्हणाली, "ताई, मॅडमचा फोन होता. उद्यापासून येऊ नका म्हणाल्या. तुम्हाला सांगायचं ते सांगून झालं म्हणे. आता दुसऱ्या पोरींकडं बघायचंय त्यांना."

रेणुकाच्या हातात पेन होतं. तिनं त्याचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "माझं काई चुकलं का गं?"

"मला काय माहीत!" सविता म्हणाली. "मी तर बाहेरच बसते."

त्या रात्रीच्या जेवणात सविताला दोन घास जास्त गेले. खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटलं. आता कुणी 'मॅडम म्हणाल्या' म्हणणार नव्हतं.

पण पुढच्या शनिवारी दुपारी तिचे हात आपोआप स्कूटी पुसायला गेले. चांगला ड्रेस घालावासा वाटला. मग आठवलं, जायचंच नाही. आणि तेव्हा तिला कळलं की तो बाक तिचाही होता. खिडकीतून जे ऐकू यायचं ते तीही साठवत होती. समुद्रातल्या माशांवर शिकता येतं, मातीवर शिकता येतं, बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवायचं शिक्षण असतं. मॅडम आत दुसऱ्या कुणाला हे सांगायच्या आणि बाहेर सविता तोंडात खडीसाखर धरावी तसं ते धरून बसायची. तेही आता गेलं. आपल्याच हातानं घालवलं.

रेणुकानं तक्रार केली नाही. ती फक्त मिटली. टेबलाशी बसायची, पण पान उलटायची नाही. केंद्रावर जायचं तिनं सोडलं. शोभाबाईंनी बदाम पुढं केले तर म्हणाली, "नको, वहिनीला दे."

गोरक्षनाथांनी हे पाहिलं आणि त्यांना वाटलं, शिक्षणाचं खूळ उतरलं. तसंही त्यांना ते कधी पटलं नव्हतं. "दूध काढायला कॉलेज लागतं व्हय?" असं ते पहिल्यापासून म्हणत. संक्रांत झाली आणि त्यांनी खर्ड्याकडच्या पाव्हण्यांचा विषय काढला. मुलगा चांगला, तीस गाई, स्वतःचा ट्रॅक्टर. पोरीला चैत्रात अठरा पुरी होतील, परीक्षा झाली की बार उडवून टाकू. "दूधदुभत्याचंच घर हाय. तिला आवडतंय त्येच."

"रेणुका, येऊ द्यायचं का त्यांना?" शोभाबाईंनी विचारलं.

"चालंल," रेणुका म्हणाली.

सविता भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. हा शब्द तिच्या ओळखीचा होता. हाच आवाज, असाच सपाट.

पाहुणे आले त्या दिवशी रेणुकाला साडी नेसवायचं काम सविताकडं आलं. खोलीचं दार लोटून ती निऱ्या घालत होती. बाहेर कप-बश्यांचा आवाज, गोरक्षनाथांचं मोठ्यानं हसणं. रेणुका हात बाजूला धरून, दुकानातल्या बाहुलीसारखी उभी होती. एकदम म्हणाली, "वहिनी, मॅडम माझ्यावर कशानं रुसल्या असतील गं? मी लई विचार केला. मला वाटतं, मी पहिल्या दिवशी नीट बोलले न्हाई ना, म्हणून त्यांना वाटलं असंल, ही मठ्ठ हाय."

सवितानं निरीला पिन लावली. ती कापडातून तिच्याच बोटात गेली. रक्ताचा थेंब साडीला लागू नये म्हणून तिनं बोट तोंडात धरलं. त्यामुळं तिला बोलावं लागलं नाही.

पाहुण्यांनी पोहे खाल्ले, मुलगी आवडली, पुढची बोलणी परीक्षेनंतर करू म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. ब्लाऊज शिवायला टाकायचंय असं सांगून सविता एकटीच शेवगावला गेली.

बाकावर दोन मुली बसल्या होत्या. सविता त्यांच्या मागं उभी राहिली. त्या झाल्यावर आत गेली. तमन्ना मॅडमनी तिला ओळखलं, पण 'या वहिनी' म्हणाल्या नाहीत. नुसतं खुर्चीकडं बोट केलं.

सवितानं सगळं सांगितलं. सांगताना टेबलाच्या कडेकडं बघत होती. तेवढ्यात कुणीतरी दार ढकललं. मॅडमनी "थांबा" म्हणून त्याला बाहेर घालवलं. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी त्या मुलीला आळशी समजले. दोन महिने. एकदा फोन करून तिचा आवाज ऐकावा, एवढंही केलं नाही." मग आवाज कडक झाला. "का केलंत तुम्ही असं?"

"मला कधी कुणी विचारलं न्हाई," सविता म्हणाली. तिला वाटलं होतं तितका तो आवाज मोठा निघाला नाही.

"काय विचारायला हवं होतं?"

"तुम्ही तिला विचारलं तेच. काय आवडतं ते."

"मग आता विचारते," मॅडम म्हणाल्या. त्या चिडलेल्याच होत्या, पण विचारणं खरं होतं. "सांगा. काय आवडतं तुम्हाला?"

सवितानं तोंड उघडलं. इतके महिने बाहेर बसून ती या प्रश्नाची वाट बघत होती. उत्तर जिभेवर असेल असंच धरून चालली होती. पण जिभेवर काहीच नव्हतं. तिनं मनात शोधलं. माशांचं, मातीचं, बहिऱ्या मुलांचं, सगळं ऐकीव. तिचं स्वतःचं असं काही हाताला लागेना. ती रडायला लागली, तोंडावर ओढणी धरून, एखाद्या लहान पोरीसारखी.

मॅडमनी पाण्याचा पेला तिच्यापुढं सरकवला. म्हणाल्या, "तुमचं उत्तर शोधू आपण. त्याला वेळ लागतो, रेणुकालाही लागला. पण ते नंतर. आधी घरी जा आणि तिला खरं सांगा. मी सांगणार नाही. तुम्हीच सांगायचं."

संध्याकाळी गोठ्यात दोघीच होत्या. शोभाबाई देवळात गेल्या होत्या. काम सुटलं असलं तरी रेणुका आजकाल पुन्हा धारा काढायला यायची. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून. सविता वैरण टाकून तिच्यामागं येऊन उभी राहिली.

"रेणुका," ती म्हणाली. तोंडून ताई निघालंच नाही. "मॅडम तुझ्यावर रुसल्या नव्हत्या. मी खोटं बोलले."

आणि मग मंगळवारचा फोन, उदगीरच्या बाई, गोधड्या, कंटाळा आला म्हणाली, येऊ नका म्हणाल्या, सगळं क्रमानं सांगितलं. रेणुकाचे हात थांबले नाहीत. धारेचा आवाज बादलीत तसाच पडत राहिला, फक्त जोर वाढला. गाईनं पाय उचलला तशी तिनं तिच्या मांडीवर थाप मारून तिला शांत केलं. बादली भरली तेव्हा ती उठली, दूध कॅनमध्ये ओतलं, हात धुतले.

"का?" तिनं विचारलं.

"तुझा हेवा वाटला."

"माझा?" रेणुका तिच्याकडं बघत राहिली. तिला ते खरोखरच समजत नव्हतं. "मला बघायला खर्ड्याचे लोक येऊन गेले, वहिनी. आणि तुला माझा हेवा वाटला?" मग हात पुढं केला. "फोन दे."

फोन घेऊन ती गोठ्याच्या मागं गेली. बऱ्याच वेळानं परत आली तेव्हा डोळे सुजले होते, पण मान वर होती. फोन तिनं सविताच्या हातात दिला नाही, गव्हाणीच्या कडेवर ठेवला.

त्यानंतर ती सविताशी बोलेनाशी झाली. अगदी कामापुरतंसुद्धा नाही. मीठ हवं असलं तर आईकडं मागायची. पुढच्या शनिवारी आवरून निघाली तेव्हा गोरक्षनाथ म्हणाले, "अगं, सविता येऊ दे की."

"मी यस्टीनं जाते."

"येकटी?"

"व्हय, येकटी." आणि गेली. सविता स्कूटीची किल्ली हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती.

सवितानं रेणुकाला काय सांगितलं होतं ते घरात कुणाला कळलं नाही. रेणुकानं चहाडी केली नाही. सविताला त्याचंही ओझं झालं. तिनं आपल्या परीनं जमेल ते केलं. कल्याणला रोज थोडं-थोडं सांगून तयार केलं. दूध तू वाहतोस, पैसे डेअरीवाला मिळवतो, तुझी बहीण ते शिकून आली तर काय होईल ते बघ, असं त्याला समजेल अशा भाषेत सांगितलं. कल्याण बापाशी बोलला. मग तमन्ना मॅडम स्वतः वस्तीवर आल्या. गोरक्षनाथांनी त्यांना गाई दाखवल्या, त्यांनी त्या नीट बघितल्या. चहा झाल्यावर गोरक्षनाथांनी आपला ठेवणीतला प्रश्न टाकला, "बाई, दूध काढायला कॉलेज लागतं व्हय?" मॅडम म्हणाल्या, "काढायला नाही लागत, मामा. पण त्याची भुकटी, चीज, आइस्क्रीम करतात ते सगळे शिकलेलेच असतात. आणि तुमच्या दुधाला भाव काय द्यायचा ते तेच ठरवतात." गोरक्षनाथांनी मिशीवरून हात फिरवला. आठ दिवसांनी खर्ड्याला निरोप गेला की एवढ्यात कर्तव्य नाही.

रेणुका प्रवेशपरीक्षेला बसली. पहिल्या यादीत नाव आलं नाही, तेव्हा सविताच्या मनात चटकन काहीतरी हललं. ते आनंदासारखं होतं. ती स्वतःलाच घाबरली आणि देवापुढं जाऊन बसली. दुसऱ्या यादीत उदगीर लागलं. रेणुका गेली त्या सकाळी आईच्या गळ्यात पडून रडली, बापाच्या पाया पडली. सविताच्याही पाया पडली, रीत म्हणून. कपाळ पायाला लागलं नाही.

दिवाळीला ती आली ती अंगानं थोडी भरून आणि आवाजानं मोठी होऊन. भाऊबीजेला घरात पाहुणे होते. कुणीतरी तिचं कौतुक केलं, तशा शोभाबाई म्हणाल्या, "समदं आमच्या सवितामुळं. दर शनिवारी हिनं नेलं-आणलं म्हणून तर झालं. सख्खी बहीण करनार न्हाई येवढं केलं."

सविताच्या हातात फराळाचं ताट होतं. तिनं खाली पाहिलं. सगळ्यांच्या नजरा रेणुकाकडं वळल्या.

"व्हय," रेणुका म्हणाली. "वहिनीनंच नेलं."

पाहुणे पांगल्यावर सविता स्वयंपाकघरात चकल्या डब्यात भरत होती. रेणुका मागून आली आणि पाटावर बसली. कितीतरी महिन्यांनी ती आपण होऊन तिच्याजवळ आली होती.

"कशाला बोललीस तसं?" सविता हळूच म्हणाली.

"खोटं कुठं होतं? नेलंस तर तूच. एक गुरुवार सोडून." तिनं डब्यातली चकली उचलून मोडली. "त्या गुरुवारच्या बाई मला शिकवायलाच आहेत, वहिनी. पहिल्या दिवशी नाव ऐकून म्हणाल्या, शेवगावला न आलेली मुलगी ती तूच का?"

सविताचा हात थांबला. "मग?"

"म्हटलं, गाडी चुकली होती." चकलीचा तुकडा तोंडात टाकून ती थोडा वेळ चावत राहिली. "माफ बिफ केलं नाही हं मी तुला. अजून आठवलं की राग येतो."

"येऊ दे," सविता म्हणाली. "मला अजून तुझा हेवा वाटतो."

"अजून?"

"हो. तुझी बॅग बघितली सकाळी, तेव्हासुद्धा वाटला."

रेणुका हसली नाही, चिडलीही नाही. तिनं विचारलं, "तू मॅडमकडं जातेस म्हणे शनिवारी?"

"चार-पाचदा गेले. खुर्चीवर बसते आता. पण ठरत न्हाई गं काही. मॅडम विचारतात आणि मी रिकामी परत येते. मागच्या वेळी म्हणाल्या, आधी राहिलेलं बी.एस्सी. पुरं करायचं बघू, करता-करता कळेल. मामांना अजून विचारलं न्हाई."

"मी असताना विचार. मी बोलते दादाशी, तो त्यांना समजावेल," रेणुका म्हणाली. मग पाय पसरून भिंतीला टेकली आणि उदगीरचं सांगू लागली. कॉलेजची स्वतःची डेअरी आहे, पहाटे पोरी रबरी बूट घालून आत जातात. एकदा तिच्या हातून सगळं पनीर बिघडलं आणि बाईंनी तिला तेच खायला लावलं. होस्टेलच्या गच्चीवर तिची एक मैत्रीण गाते. बोलताना तिचे हात हलत होते, डोळे चमकत होते. सविताच्या छातीत तेच जुनं चुरचुरायला लागलं. तिनं डब्याचं झाकण लावलं, चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि रेणुकासमोर मांडी घालून बसली.

"मग?" ती म्हणाली. "ते पनीर बिघडलं कशानं?"